बालकांचे परिसर-शिक्षण व जलसंधारण

लहान मुलांना सभोवतालच्या सृष्टीची, विशेषतः पाण्याची, ओळख करून देणारे आणि पाणी अडविणे, मुरविणे, राखणे व वाटून घेणे यांविषयीची दृष्टी व सवयी त्यांच्या ठायी रुजविणारे शिक्षण. बालवाडीपासून प्राथमिक शाळेच्या अखेरीपर्यंतचा, म्हणजे साधारणतः ३ ते ११ वर्षे वयाचा काळ या शिक्षणाच्या कक्षेत येतो. त्याची तीन अंगे मानता येतात : पाऊस, ओढा, विहीर, भूजल यांचा परस्परसंबंध समजणे हे ज्ञानाचे अंग; पाणी स्वच्छ ठेवणे व वाया न घालविणे हे सवयीचे अंग; आणि पाणी सर्वांचे आहे, ते सर्वांना मिळाले पाहिजे, ही जाणीव हे न्यायबुद्धीचे अंग. या शिक्षणाचा इतिहास पाहिला असता पहिल्या दोन अंगांचा विचार शिक्षणतज्ञांनी पूर्वीपासून केलेला आढळतो. तिसरे अंग मात्र शाळेच्या बाहेर, सामाजिक चळवळींतून पुढे आले व पाठ्यपुस्तकांत त्याला बऱ्याच उशिरा स्थान मिळाले. महाराष्ट्राच्या संदर्भात ही गोष्ट विशेषत्वाने जाणवते.

पारंपरिक शिक्षण : शाळा सार्वत्रिक होण्यापूर्वी पाण्याविषयीचे शिक्षण मुलांना घरी, शेतात व पाणवठ्यावर मिळत असे. धुळे व नाशिक भागातील पांझरा, मोसम इ. नद्यांवरील फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाळीपाळीने शेतांना देण्याचे काम पाटकरी करीत. कोणत्या पाटाला किती वेळ पाणी सोडावयाचे, पाटाची डागडुजी केव्हा करावयाची, या गोष्टी पुढची पिढी प्रत्यक्ष पाहूनच शिके. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागांत कोहळी समाजाने बांधलेल्या व पुढे मालगुजारी तलाव म्हणून ओळखल्या गेलेल्या तलावांच्या देखभालीचे ज्ञानही असेच हस्तांतरित होत असे. मोट हाकणाऱ्या बापाबरोबर थारोळ्यापाशी उभे राहून दारे धरणारा मुलगा आणि आईबरोबर आडावर जाऊन पोहरा ओढण्यास शिकणारी मुलगी यांना पाण्याचे मोल सांगावे लागत नसे. पावसाने ओढ दिली असता मुलांनी कडुनिंबाचा पाला अंगाला बांधून घरोघर धोंडी मागत फिरण्याच्या प्रथेतही अवर्षणाची जाणीव बालमनापर्यंत पोहोचविण्याची सोय होती.

या शिक्षणाला दोन मोठ्या मर्यादा होत्या. एक म्हणजे ते व्यवसायानुसार व जातीनुसार विभागलेले होते. दुसरी मर्यादा अशी, की त्यात पाणी वापरण्याचे कौशल्य शिकविले जाई, परंतु पाणवठा कोणाला खुला व कोणाला बंद, या प्रश्नाबद्दल मूल रूढीच शिकत असे. अस्पृश्य मानलेल्या मुलाच्या वाट्याला पाण्याचा जो पहिला धडा येई, तो मज्जावाचा असे.

पाश्चात्त्य विचारपरंपरा : परिसराच्या आधारे बालकांना शिकवावे, हा विचार यूरोपात सतराव्या शतकात स्पष्टपणे मांडला गेला. कोमीनिअस (१५९२–१६७०) या चेक शिक्षणतज्ञाच्या १६५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सचित्र पाठ्यपुस्तकात अग्नी, वायू, जल, मेघ, पृथ्वी यांवर चित्रांसह स्वतंत्र पाठ होते. शब्दाआधी वस्तू, हे त्याचे सूत्र होते. रूसोने (१७१२–७८) एमील (१७६२) या ग्रंथात पुस्तकापेक्षा निसर्गाला गुरू मानले. पेस्टालोत्सी (१७४६–१८२७) याने निरीक्षणाला शिक्षणाचा पाया ठरविले आणि फ्रबेल (१७८२–१८५२) याने १८३७ मध्ये सुरू केलेल्या व पुढे बालोद्यान म्हणून प्रसिद्धी पावलेल्या शाळेत प्रत्येक मुलासाठी बागेत स्वतंत्र वाफा राखून ठेवण्याची पद्धत पाडली. वाफ्याला पाणी घालणारे मूल झाडाची गरज व पाण्याचा उपयोग यांचा संबंध आपोआप जाणते, हे त्यामागील तत्त्व होते. मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांच्या पद्धतीत एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात न सांडता पाणी ओतणे, हात व भांडी धुणे यांसारख्या क्रियांना व्यवहारजीवनाच्या पाठांत महत्त्वाचे स्थान मिळाले.

पाण्याच्या अध्यापनाच्या दृष्टीने इंग्लंडमधील टॉमस हेन्री हक्स्ली (१८२५–९५) याचे कार्य विशेष उल्लेखनीय आहे. त्याचे प्राकृतिक भूगोलावरील पुस्तक १८७७ साली प्रसिद्ध झाले. पृथ्वीचा आकार, अक्षांश व रेखांश यांपासून आरंभ करण्याची त्या काळची प्रथा सोडून हक्स्लीने लंडनमधील वाचकाच्या डोळ्यांपुढून वाहणाऱ्या टेम्स नदीपासून विवेचनास सुरुवात केली. हे पाणी येते कोठून, या प्रश्नाचा मागोवा घेत तो झरे, पाऊस, दव, बाष्पीभवन असा मागे मागे जातो. जवळच्या ओढ्यापासून जगाच्या जलचक्रापर्यंत जाण्याचा हा क्रम पुढे परिसर-शिक्षणाचा आदर्श ठरला. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातील लिबर्टी हाइड बेली (१८५८–१९५४) व ॲना बॉट्‌स्फर्ड कॉमस्टॉक (१८५४–१९३०) यांनी सृष्टिनिरीक्षणाची चळवळ प्राथमिक शाळांपर्यंत नेली. कॉमस्टॉक यांच्या १९११ सालच्या शिक्षकोपयोगी ग्रंथात ओढ्याचे निरीक्षण कसे करवून घ्यावे, याचा पाठ आहे. स्कॉटिश विचारवंत पॅट्रिक गेडीझ (१८५४–१९३२) यांनी डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंतच्या नदीखोऱ्याच्या छेदचित्राद्वारे भूमी, व्यवसाय व वस्ती यांचे नाते दाखविले. गेडीझ यांची १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र या विषयांच्या अध्यासनावर नेमणूक झाली होती.

भारतातील आरंभ : महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात वाचन, लेखन व हिशेब यांबरोबरच शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य व नीती यांवरील काही पाठ असावेत, अशी मागणी केली. लगेच पुढच्या वर्षी लिहिलेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात त्यांनी डोंगरउतारावरून वाहून जाणारे पाणी व माती अडविण्यासाठी ताली व बंधारे घालावेत, पाणी जमिनीत मुरेल अशी व्यवस्था करावी, तळी दुरुस्त करावीत, असे सुचविले. शेतकऱ्याच्या मुलाचे शिक्षण व शेताच्या बांधावरील पाणी हे दोन विषय फुले यांच्या विचारात एकत्र आले, हे त्यांचे वैशिष्ट्य होय. त्यापूर्वी १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता.

सरकारी धोरणातही या सुमारास काही बदल झाला. हिंदुस्थान सरकारच्या १९०४ सालच्या शिक्षणविषयक ठरावात ग्रामीण शाळांनी मुलांना शेतीचे तांत्रिक ज्ञान देण्यापेक्षा त्यांच्या ठायी निरीक्षण, विचार व प्रयोग यांची सवय बाणवावी, असे म्हटले होते. वस्तुपाठ व शाळेची बाग यांना त्यामुळे उत्तेजन मिळाले. तथापि जिथे शिक्षकाला निसर्गाची आवड होती तिथेच ते फलद्रूप झाले. बहुतेक ठिकाणी वस्तुपाठाचेही पाठांतर झाले.

पाणवठा, शाळा व समता : महाराष्ट्रातील अनेक मुलांना पाण्याचा प्रश्न सर्वप्रथम शाळेच्या आवारातच भेटला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) यांनी आपल्या आठवणींत साताऱ्याच्या शाळेतील अनुभव नमूद केला आहे. इतर मुले तहान लागली की नळावर जाऊन पाणी पीत; त्यांना मात्र नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शाळेच्या शिपायाने नळ सोडला, तरच पाणी मिळे. शिपाई नसला, की तहानलेलेच राहावे लागे. जलचक्राचा पाठ वर्गात कितीही चांगला शिकविला, तरी ज्या शाळेच्या नळावर सर्व मुलांना सारखा अधिकार नाही, तेथे तो पाठ अपुराच राहणार, हे या अनुभवावरून दिसून येते.

मुंबई कायदे कौन्सिलने ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा इ. अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. पाणवठा व शाळा यांचा उल्लेख एकाच ठरावात यावा, हे सूचक आहे. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. परंतु प्रत्यक्षात ते खुले झाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर उद्‌भवलेल्या दाव्याचा अंतिम निकाल १९३७ मध्ये उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने लागला. सार्वजनिक पाणी हा सर्वांचा हक्क आहे, या तत्त्वाचा महाराष्ट्रातील हा सर्वांत मोठा लोकशिक्षणपाठ मानावा लागेल. मात्र शाळेत तो इतिहासाच्या पुस्तकात शिकविला गेला. पाण्याच्या पाठाशी त्याचा सांधा क्वचितच जोडला गेला.

शांतिनिकेतन, मूलोद्योग व बालवाडी : रवींद्रनाथ टागोर (१८६१–१९४१) यांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतन येथे स्थापन केलेल्या शाळेत झाडाखाली वर्ग भरत. वर्षाऋतूचे स्वागत करणारा वर्षामंगल हा उत्सव व १९२८ पासून सुरू झालेला वृक्षारोपणाचा सोहळा यांतून ऋतुचक्राशी मुलांचे भावनिक नाते जोडले गेले. उपदेशाऐवजी उत्सवाच्या द्वारे निसर्गप्रेम रुजविण्याची ही रीत होती.

महात्मा गांधींच्या प्रेरणेने ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षणपरिषद भरली व डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योग शिक्षणाची योजना तयार केली. हस्तव्यवसाय, नैसर्गिक परिसर व सामाजिक परिसर ही तीन केंद्रे मानून सर्व विषयांचा समवाय साधावा, अशी तीत अपेक्षा होती. सामान्य विज्ञानाच्या अभ्यासक्रमात निसर्गनिरीक्षण व आरोग्यशास्त्र यांचा समावेश होता. शेती व बागकाम, स्वयंपाक, सफाई ही कामे मुले स्वतः करीत असल्याने पाण्याचा साठा व त्याची स्वच्छता हे रोजच्या विचाराचे विषय होत. स्वातंत्र्योत्तर काळात मूलोद्योगाचा नावापुरता स्वीकार होऊन त्याचे मूळ तत्त्व मागे पडले; तरी परिसराशी समवाय हा विचार पुढील सर्व अभ्यासक्रमांत टिकून राहिला. [⟶ मूलोद्योग शिक्षण].

अगदी लहान वयाच्या मुलांच्या संदर्भात ताराबाई मोडक (१८९२–१९७३) व अनुताई वाघ (१९१०–९२) यांचे कार्य पायाभूत आहे. भावनगर येथे गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये सुरू केलेल्या बालमंदिरात ताराबाईंनी काम केले होते. नूतन बालशिक्षण संघाच्या (स्थापना १९२६) द्वारा त्यांनी १९४५ साली बोर्डी येथे व १९५७ पासून डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे प्रयोग केले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून शिंपले, बिया, पाने, खडे अशा परिसरातील वस्तूंपासून साधने तयार करण्यात आली. मुले शाळेत येत नसतील, तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी जन्मास आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढण्यात आली. हात-पाय धुणे, आंघोळ, केस विंचरणे यांनी बालवाडीच्या दिवसाचा आरंभ होई. या मुलांचे परिसराचे ज्ञान शिक्षिकेपेक्षाही अधिक असू शकते, ही जाणीव हा या प्रयोगाचा मोलाचा भाग होता. रानातील झाडे, झरे, प्राणी यांची नावे मुलांनी सांगावीत व शिक्षिकेने त्यांना अक्षर-अंकांची जोड द्यावी, अशी येथे ज्ञानाची देवाणघेवाण होई. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचविले. [⟶ बालशिक्षण].

बालकाची पाण्याविषयीची समज : स्विस मानसशास्त्रज्ञ झां प्याजे (१८९६–१९८०) यांच्या संशोधनाने या शिक्षणाला शास्त्रीय बैठक मिळवून दिली. नद्या व सरोवरे कशी झाली, असे विचारले असता लहान मुले ती माणसांनी खणली, असे उत्तर देतात. निसर्गातील वस्तू कोणीतरी हेतुपूर्वक घडविल्या आहेत, अशी त्यांची धारणा असते. रुंद पेल्यातील पाणी मुलाच्या देखत उंच व अरुंद पेल्यात ओतले, तर साधारणतः सात वर्षांखालील मूल पाणी वाढले असे समजते. पातळी बदलली तरी परिमाण तेच राहते, हे तत्त्व त्याला अद्याप उमगलेले नसते.

या निष्कर्षांचा अध्यापनावर सरळ परिणाम होतो. ज्या मुलाला पेल्यातील पाण्याचे परिमाणच स्थिर वाटत नाही, त्याला पृथ्वीवरील पाण्यापैकी सुमारे ९७ टक्के खारे आहे, हे सांगून काहीच साधत नाही. त्याला पाण्याशी खेळू देणे, भांडी भरू व ओतू देणे, कोणत्या जमिनीत पाणी लवकर मुरते ते पाहू देणे, हीच त्या वयातील खरी पूर्वतयारी होय. भूजल ही कल्पना तर डोळ्यांआड असल्याने विशेष अवघड असते. जमिनीखाली मोठे तळे किंवा वाहती नदी आहे, असे मुलांना वाटते. खडी, वाळू व माती यांचे थर भरलेल्या काचेच्या बरणीत पाणी ओतून ते कणांमधील पोकळीत कसे साठते हे दाखविले, म्हणजे ही कल्पना स्पष्ट होते.

आंतरराष्ट्रीय प्रयत्न : स्टॉकहोम येथे ५ ते १६ जून १९७२ या काळात संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणविषयक परिषद भरली. पर्यावरण-शिक्षणाचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम आखावा, अशी शिफारस तीत झाली. तदनुसार १९७५ मध्ये बेलग्रेड येथे कार्यसत्र व १४ ते २६ ऑक्टोबर १९७७ या काळात टिब्लिसी येथे आंतरशासकीय परिषद झाली. पर्यावरण-शिक्षण शालापूर्व वयापासून सुरू होऊन आयुष्यभर चालावे, ते एका विषयापुरते मर्यादित नसावे आणि लहान वयात मुलाच्या स्वतःच्या वस्तीतील परिसराविषयी संवेदनशीलता जोपासण्यावर भर असावा, ही टिब्लिसीची मार्गदर्शक तत्त्वे होत. बोर्डी व कोसबाड येथे तीन दशकांपूर्वी सुरू झालेल्या प्रयोगांची दिशा याहून निराळी नव्हती.

महाराष्ट्रातील अवर्षण व जलसाक्षरता : १९७२ चे अवर्षण महाराष्ट्राच्या पाण्याविषयीच्या विचाराला कलाटणी देणारे ठरले. दुष्काळी कामांवर पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती यांची कामे मोठ्या प्रमाणावर झाली. याच वर्षी भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा स्थापन झाली. कामावर गेलेल्या आईबापांबरोबर मुलेही माळावर गेली. पाणी अडविण्याचे काम त्यांनी पाहिले, परंतु शाळेतील पुस्तकात त्याचे प्रतिबिंब पडण्यास वेळ लागला.

पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे (१९३७–२००२) यांनी १९७४ च्या सुमारास सुरू केलेल्या पाणी पंचायतीने पाण्याच्या वाटपाचे नवे सूत्र मांडले. जमिनीच्या प्रमाणात पाणी देण्याऐवजी कुटुंबातील माणसांच्या संख्येनुसार ते द्यावे, भूमिहीनांनाही त्यात वाटा असावा, उसासारखे अधिक पाणी पिणारे पीक घेऊ नये, असे तिचे नियम होते. दरमाणशी अर्धा एकर व कुटुंबास कमाल अडीच एकर भिजेल एवढे पाणी, हे तिचे माप होते. साधा भागाकार येणाऱ्या मुलालाही समजावे, इतके हे सूत्र सोपे आहे. पाण्याच्या पाठात गणित व न्याय यांची सांगड कशी घालावी, याचा नमुना म्हणून ते उपयोगी पडते. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व हिवरेबाजार या गावांनी पाणलोट क्षेत्र विकासाची कामे केली. हिवरेबाजारने पडलेला पाऊस मोजून त्यानुसार वर्षाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची व त्याप्रमाणे पिके ठरविण्याची पद्धत अंगीकारली. जलसाक्षरता हा शब्द अशा प्रयत्नांतून मराठीत रूढ झाला. २०१६ पासून राज्यात दरवर्षी १६ ते २२ मार्च हा जलजागृती सप्ताह पाळण्यास सुरुवात झाली. यातील अखेरचा दिवस हा १९९३ पासून पाळला जाणारा जागतिक जलदिन होय.

अभ्यासक्रम व पाठ्यपुस्तके : कोठारी आयोगाने (१९६४–६६) प्राथमिक स्तरावरील विज्ञान मुलाच्या भौतिक, जैविक व सामाजिक परिसरावर आधारलेले असावे, असे म्हटले. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या १९७५ सालच्या आराखड्यात पहिली व दुसरीसाठी परिसर अभ्यास हा एकच विषय व तिसरी ते पाचवीसाठी त्याचे सामाजिक व वैज्ञानिक असे दोन भाग सुचविण्यात आले. महाराष्ट्रात पाठ्यपुस्तकांची निर्मिती २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाकडे, म्हणजेच बालभारतीकडे आली. परिसर अभ्यासाची पुस्तके तसेच १९७१ मध्ये सुरू झालेले किशोर हे मासिक यांच्या द्वारा मंडळाने मराठी मुलांपर्यंत निसर्गविषयक वाचनीय मजकूर पोहोचविला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पर्यावरणाचे संरक्षण हा अभ्यासक्रमातील समान गाभ्याचा एक घटक मानला. १९८४ साली अहमदाबाद येथे पर्यावरण शिक्षण केंद्र स्थापन झाले व शिक्षकांसाठी मार्गदर्शक साहित्य तयार होऊ लागले.

एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याविषयी आदेश दिला. त्याच्या अंमलबजावणीसाठी २००३ मध्ये पुन्हा निदेश द्यावे लागले. यातून एक वाद उद्‌भवला. पर्यावरण हा स्वतंत्र विषय केल्यास त्याला निश्चित वेळ मिळतो, परंतु परीक्षेचा आणखी एक विषय वाढतो. सर्व विषयांत तो गुंफल्यास दृष्टी व्यापक होते, परंतु जबाबदारी कोणाचीच राहत नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने गुंफणीचा पक्ष घेतला. त्यानुसार २००६ ते २००८ या काळात तिसरी ते पाचवीसाठी तयार झालेल्या राष्ट्रीय पाठ्यपुस्तकांत पाणी हे सहा प्रमुख सूत्रांपैकी एक होते. घरात पाणी कोण भरते, असा प्रश्न त्यांत मुलांना विचारण्यात आला. जैसलमेरच्या घडसीसर तलावाची माहिती देण्यात आली. एकाकडे पाणी मुबलक व दुसऱ्याकडे दुर्मिळ का, याचा विचार करावयास लावण्यात आले. वाटप व विषमता हा विषय प्राथमिक पाठ्यपुस्तकात इतक्या उघडपणे येणे ही महत्त्वाची घटना होय. महाराष्ट्रात माध्यमिक स्तरावर, नववी व दहावीसाठी, जलसुरक्षा या विषयाचे स्वतंत्र पुस्तक २०२० मध्ये आले. प्राथमिक स्तरावर मात्र पाण्याचा विषय परिसर अभ्यासातच राहिला.

शाळेतील प्रत्यक्ष सोयीच्या दृष्टीने बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ महत्त्वाचा आहे. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या या कायद्याने प्रत्येक शाळेत सर्व मुलांसाठी सुरक्षित व पुरेशा पिण्याच्या पाण्याची सोय असणे हे शाळेच्या निकषांपैकी एक ठरविले.

अध्यापनपद्धती : लहान मुलांना पाण्याचा विषय शिकविण्याच्या पद्धती स्थूलमानाने तीन आहेत : कथा व उत्सव, प्रत्यक्ष कृती आणि मोजमाप. यांपैकी तिसरी पद्धत आठ-नऊ वर्षांनंतर विशेष फलदायी ठरते. कारण तिच्यामुळे पाण्याविषयीचे विधान मुलाला स्वतः पडताळून पाहता येते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी मिळते. हा एक नियम हाती आला, की पाचवीचे मूल आपल्या शाळेच्या छपरावर पडणारे पाणी काढू शकते. पर्जन्यछायेच्या प्रदेशातील ५०० मिमी. पावसाच्या गावीदेखील १०० चौ. मी. छपरावर वर्षात ५०,००० लिटर पाणी पडते. त्यातील काही भाग बाष्पीभवनाने व गळतीने जातो, हे धरले तरी उरणारे पाणी थोडे नसते. त्याचप्रमाणे सेकंदाला एक थेंब गळणाऱ्या नळातून दिवसाला ८६,४०० थेंब पडतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरल्यास सुमारे सव्वाचार लिटर पाणी वाया जाते. ही रीत शिकविण्यास एक डबा, एक मोजपट्टी व एक वही एवढे साहित्य पुरते. रोज ठराविक वेळी पर्जन्यमापकातील पाणी मोजून फळ्यावर लिहिणे, उन्हाळ्यात दर आठवड्याला विहिरीची पातळी मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली दोरीने मोजणे, आदल्या वर्षीच्या नोंदीशी तिची तुलना करणे, असे उपक्रम वर्षानुवर्षे चालले, तर शाळेची वही हे गावाच्या पाण्याचे दप्तर बनू शकते.

दोष व अपेक्षा : या शिक्षणातील सर्वांत मोठा दोष म्हणजे त्याचे घोषणांत व दिनविशेषांत रूपांतर होणे. जूनमध्ये रोप लावून छायाचित्र घेतले जाते व मार्चमध्ये त्याला पाणी नसते. भित्तिपत्रकांच्या स्पर्धेत नळ बंद करण्याचा संदेश रंगविला जातो, परंतु शाळेतील गळका नळ दुरुस्त होत नाही. मुलाला या विसंगतीतून जे शिक्षण मिळते, ते पाठाहून अधिक प्रभावी असते.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. पाणी जपून वापरा, हा उपदेश सर्व मुलांना एकाच शब्दांत केला जातो. शहरात भरपूर पाणी वापरणाऱ्या घरातील मुलाला तो आवश्यक आहे. परंतु उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत हंडा घेऊन रांगेत उभी राहणारी आणि त्यापायी शाळेचे तास बुडविणारी मुलगी पाणी वाया घालवीत नसते. तिला काटकसर शिकविणे म्हणजे तिच्या अनुभवाचा अनादर करणे होय. अशा मुलीला पाणी कमी का पडते, भूजल कोण व किती उपसतो, पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम असावा हे कोणी ठरवावयाचे, हे समजण्याची गरज आहे. आणि तिच्या वर्गातील इतर मुलांना तिच्याकडून शिकण्याजोगे पुष्कळ आहे. एका हंड्यात घराचा दिवस कसा भागतो, हे वर्गात बहुधा तिलाच सर्वांत नेमकेपणाने ठाऊक असते.

तिसरी अडचण शिक्षकाची आहे. परिसर-शिक्षणाला परिसर जाणणारा शिक्षक लागतो. वारंवार बदली होणाऱ्या शिक्षकाला गावाचा ओढा, त्याचे उगमस्थान, जुन्या विहिरी व बारवा यांची माहिती होण्यास वेळ लागतो. शेतकरी, पाटकरी, विहीर खणणारे कारागीर, वृद्ध स्त्रिया यांना शाळेत बोलावून त्यांच्याकडून मुलांना माहिती ऐकविणे, हा यावरील एक सोपा व परिणामकारक उपाय आहे.

एकंदरीत पाहता बालकांच्या परिसर-शिक्षणात नवी तत्त्वे शोधण्याचे काम फारसे शिल्लक राहिलेले नाही. जवळच्या ओढ्यापासून आरंभ करावा, हे हक्स्लीने; मुलाच्या हाती काम द्यावे, हे फ्रबेल व गांधीजींनी; मुलाच्या अंगणातील वस्तूच साधन होऊ शकते, हे ताराबाई व अनुताईंनी दाखवून दिले. पाणी सर्वांचे आहे, हे फुले व आंबेडकर यांनी कृतीने सिद्ध केले. ही सूत्रे इतिहास, विज्ञान, भूगोल व गणित अशा वेगवेगळ्या तासांत विखुरली आहेत. ती एकत्र आणून शाळेच्या आवारातील एका रांजणाभोवती शिकविणे, म्हणजे तो कोणी भरला, पाणी कोठून आले, ते किती दिवस पुरेल आणि ते सर्वांना सारखे मिळते की नाही, हे चार प्रश्न मुलांपुढे ठेवणे, हेच या शिक्षणाचे सार होय.